भाव ठरला, पण माल अडला: कारखानदार वाचकांचे प्रश्न

सुट्या भागांचा पुरवठा या विषयावर प्रश्न मागवले होते. आलेली बहुतेक पत्रं लहान आणि मध्यम कारखान्यांतली आहेत. कुणाचं कास्टिंग नापास होतं, कुणाचे बोल्ट प्लेटिंगहून आले की नटात जात नाहीत, कुणाचे पैसे चार-चार महिने अडकतात. बऱ्याच पत्रांत एक गोष्ट सारखी दिसली. भाव पैशापर्यंत घासून ठरवलेला असतो, आणि तारीख, तपासणी, नापास मालाचा खर्च हे सगळं तोंडी सोडून दिलेलं असतं.

प्रश्न (वाळूज): आम्ही छोटे गिअरबॉक्स बनवतो. ३५ बाय ५२ बाय ७ मापाची ऑइल सील दिवसाला सरासरी ४० लागतात. पुरवठादार बारा दिवस सांगतो, पण माल कधी नवव्या दिवशी येतो, कधी अठराव्या. म्हणून एकदम हजार-बाराशे मागवतो, तरी महिना-दीड महिन्यातून एकदा असेंब्ली थांबतेच. किती मागवावं?

उत्तर: किती मागवता यापेक्षा कधी मागवता हे महत्त्वाचं आहे. ऑर्डर गेली त्या क्षणी रॅकवर जेवढी सील शिल्लक असतात, तेवढीच तुम्हाला माल येईपर्यंत सांभाळतात. बाराशेची ऑर्डर दिली आणि तेव्हा शिल्लक होती ३००, तर आठव्या दिवशी असेंब्ली थांबणारच.

तुमच्याच आकड्यांवर हिशोब करू. गेल्या वीसेक ऑर्डरींच्या तारखा इनवर्ड रजिस्टरमधून काढा आणि एक्सेलमध्ये प्रमाण विचलन काढा. समजा दिवसाचा खप ४०, त्याचं विचलन ८. लीड टाइम, म्हणजे ऑर्डरपासून माल येईपर्यंतचा काळ, १२ दिवस, त्याचं विचलन ३ दिवस. राखीव साठ्यासाठी दोन आकडे लागतात. पहिला, १२ गुणिले ८ चा वर्ग, म्हणजे ७६८. दुसरा, ४० चा वर्ग गुणिले ३ चा वर्ग, म्हणजे १४,४००. बेरीज १५,१६८, तिचं वर्गमूळ साधारण १२३. शंभरापैकी पंचाण्णव ऑर्डरींत माल संपू नये असं वाटत असेल तर १.६५ ने गुणा. २०३ आले. हा राखीव साठा. त्यात बारा दिवसांचा खप ४८० मिळवला की ६८३. शिल्लक ६८५ वर आली की ऑर्डर गेलीच पाहिजे.

आता ते दोन आकडे पुन्हा पाहा. तुमच्या खपातल्या चढउतारामुळे ७६८ आणि पुरवठादाराच्या तारखेमुळे १४,४००. तुमचा साठा वाढवतेय ती त्याची डळमळीत तारीख. हेच विचलन ३ दिवसांवरून १ वर आलं तर राखीव साठा २०३ वरून ८० वर येतो. म्हणून सीलमागे पंचवीस पैसे कमी करून घेण्याआधी त्याच्याशी तारखेबद्दल बोला. रबर सील बनवणारा साधारणपणे एका मोल्डच्या पुरेशा ऑर्डरी जमल्या की तो मोल्ड प्रेसवर चढवतो. तुमची ऑर्डर अशा वेळी गेली की मोल्ड नुकताच उतरला आहे, तर अठरा दिवस लागतात. चढणार असेल तर नऊ. अधूनमधून बाराशेची ऑर्डर देण्याऐवजी दर दुसऱ्या सोमवारी ४८० असं पक्कं शेड्यूल दिलं, पुढच्या दोन महिन्यांचा अंदाज सोबत दिला, तर तो मोल्डचा वार ठरवू शकतो.

रॅकवर हे चालवायचं तर संगणक लागत नाही. ६८५ सील वेगळ्या लाल पेटीत बंद करा. पेटी फोडायची वेळ आली की स्टोअरकीपरने त्याच दिवशी ऑर्डर द्यायची. मात्र लीड टाइम मोजताना पीओ (खरेदी ऑर्डर) सहीसाठी टेबलावर पडून राहतो ते दोन दिवस आणि माल आल्यावर तपासणीला लागणारा दिवस धरा, पुरवठादार ते धरत नाही. दिवाळी ते छठ या काळात प्लेटिंग, फेटलिंग (कास्टिंग साफ करणं), पॉलिशिंगची शॉप पंधरा-पंधरा दिवस अर्ध्या माणसांवर चालतात, कोकणातली माणसं गणपतीला जातात. त्या दोन वेळा ही पेटी दीडपट करा.

आणि सील खिळ्याला लटकवून ठेवत असाल तर ती सवय मोडा. ओठ एका बाजूला ताणला जातो आणि महिनाभराने गिअरबॉक्स गळायला लागला की दोष सीलवाल्यावर जातो.

प्रश्न (गोकुळ शिरगाव): एफजी २६० या करड्या बिडाचं बेअरिंग हाउसिंग, वजन ६ किलो. चार ऑपरेशन होऊन २१० रुपये मशिनिंग खर्ची पडल्यावर बोअरमध्ये भोकं दिसतात. फाउंड्री कास्टिंग बदलून देते, मशिनिंगचे पैसे द्यायला तयार नाही. पावसाळ्यात हे प्रमाण फार वाढतं. काय करावं?

उत्तर: तीन कामं आहेत आणि पैशाचं काम शेवटचं.

सर्वांत आधी, भोक नीट पाहा. भिंगातून आतली भिंत गुळगुळीत, चकचकीत, गोलसर दिसली तर तो ब्लो होल, म्हणजे अडकलेला वायू. कोअर (पोकळीसाठी मोल्डमध्ये बसवलेला वाळूचा गाभा) ओला होता, नीट भाजला नव्हता किंवा व्हेंट बुजला होता. कडा वेड्यावाकड्या आणि आत वाळूचे कण असतील तर सँड इन्क्लुजन: मोल्ड सैल कुटलेला किंवा धातूच्या धारेने वाळू धुपलेली. आतला पृष्ठभाग खरखरीत, फांद्या फुटल्यासारखा असेल आणि दर वेळी त्याच जाड जागी सापडत असेल तर श्रिंकेज. तिथे रायझर, म्हणजे आकसणाऱ्या धातूला भर पुरवणारा साठा, कमी पडतोय. कोपऱ्यावर पांढरट कडक डाग असेल आणि इन्सर्ट फुटत असतील तर ती चिल: पातळ भाग भराभर थंड झाला, किंवा इनॉक्युलंट (बीड असं कडक होऊ नये म्हणून टाकायचं मिश्रण) टाकून ओतायला उशीर झाला. दहा-बारा मिनिटांत त्याचा परिणाम ओसरत जातो. फाउंड्रीला नुसतं ‘पोरोसिटी आहे’ असं कळवलंत तर उत्तरही तसंच मोघम येतं. फोटो, भोकाची जागा आणि कास्टिंगवरचा हीट कोड त्याच दिवशी पाठवा, म्हणजे त्या पाळीचा वाळूचा ओलावा, ओतण्याचं तापमान, कोअर कधी बनला होता हे त्यांना वहीतून काढता येतं. तीन आठवड्यांनी ढीग परत पाठवला तर कुणालाच काही सापडत नाही. कास्टिंगवर हीट कोड नसेल तर तो मागा. पॅटर्नवर बदलता येणाऱ्या आकड्यांची पट्टी बसवणं हे छोटं काम आहे.

पावसाळ्यात वाढतं म्हणता त्यावरून पहिला संशय कोअरवर. सोडियम सिलिकेटचे, सीओ-टू वायूने कडक केलेले कोअर हवेतला ओलावा ओढतात. जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापूर पट्ट्यात दोन दिवस उघड्यावर ठेवलेला कोअर हातालाही दमट लागतो. जून ते सप्टेंबर कोअर बनल्यापासून चोवीस तासांत वापरायचा, नाहीतर मोल्डमध्ये बसवण्याआधी पुन्हा भट्टीत फिरवायचा, ही अट फाउंड्रीशी बोलून लिहून घ्या.

दुसरं काम तुमच्या शॉपमधलं. ऑपरेशनचा क्रम बदला. बहुतेक ठिकाणी आधी फेस, मग भोकं-टॅपिंग, मग रफ बोअर, मग फिनिश असा क्रम लागलेला असतो, कारण फिक्स्चर तसं बनलं. दोष बोअरमध्ये दिसत असेल तर रफ बोअर पहिल्या किंवा दुसऱ्या ऑपरेशनला आणा. दोष तितकेच राहतील, पण २१० ऐवजी पन्नास-साठ रुपयांवर कळतील. फिक्स्चरमध्ये थोडा बदल करावा लागेल, तो खर्च सहसा लवकर निघून येतो.

तिसरं, पैसे. नापास मालाची दर आठवड्याला फाउंड्रीच्या माणसासमोर सीआर आणि एमआर अशी विभागणी करा. धातूचा दोष तो सीआर, मशीनवर बिघडलेला तो एमआर. दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या. मग पीओमध्ये लिहा: ठरावीक टक्क्यांपर्यंत सीआर असेल तर फक्त कास्टिंग बदलून मिळेल, त्यापुढच्या प्रत्येक नगाला त्या ऑपरेशनपर्यंतचा मशिनिंग खर्च डेबिट नोटने वसूल होईल. टक्का किती, हे कास्टिंगच्या अवघडपणावर ठरवा. कोअर असलेल्या, प्रेशर टेस्ट लागणाऱ्या बॉडीला दोन टक्के फार कडक होतील, साध्या पुलीला फार सैल. सरसकट सगळा मशिनिंग खर्च फाउंड्रीवर टाकणं आम्हाला योग्य वाटत नाही. किलोमागे काही रुपये सुटणारी फाउंड्री एका नगाचे २१० रुपये भरून काढायला पन्नासेक किलो चांगला माल खपवत बसते, आणि मग तुमचं काम सर्वांत शेवटी ओतते.

प्रश्न (सातारा): पिग आयर्न (कच्चं लोखंड) पाच रुपयांनी वाढलं म्हणून फाउंड्री कास्टिंगवर किलोला सहा रुपये वाढ मागते. द्यावी का?

उत्तर: सहा नाही, पण जी वाढ खरी आहे ती लगेच द्या. एक किलो चांगलं कास्टिंग बाहेर पडायला, घट धरून, साधारण १.०६ किलो नवा धातू लागतो. रनर-रायझर परत भट्टीतच जातात, त्यांचा खर्च धातू म्हणून पुन्हा धरायचा नसतो. या नव्या धातूत पिग आयर्न एक तृतीयांश आणि बाकी स्टीलचा भंगार असेल, आणि भंगाराचा भाव स्थिर असेल, तर वाढ झाली १.०६ गुणिले एक तृतीयांश गुणिले ५. म्हणजे १ रुपया ७७ पैसे. तुमच्या फाउंड्रीचं मिश्रण वेगळं असेल तर आकडा बदलेल. चार्ज शीट, म्हणजे भट्टीत काय किती टाकलं याचा तक्ता, मागून घ्या.

वीज वेगळ्या ओळीत ठेवा. इंडक्शन भट्टीत एक टन धातू वितळवायला साधारण ६०० युनिट जातात, आणि ओतलेल्या धातूपैकी ६५ टक्केच कास्टिंग म्हणून बाहेर पडत असेल तर टनामागे सव्वानऊशेच्या आसपास. युनिटमागे एक रुपया वाढला तर किलोला ९२ पैसे. हे गणित दोघांनी एकदाच बसून मांडलं आणि दर तिमाहीच्या पहिल्या तारखेला भाव तपासायचा, किलोला एक रुपयापेक्षा जास्त फरक असेल तरच बदलायचा, असं ठरवलं की दर महिन्याची घासाघीस संपते. भाव उतरले की तोच हिशोब उलटाही चालला पाहिजे, हे त्याच कागदावर असू द्या.

प्रश्न (चाकण): पुरवठादारांना गुण देण्यासाठी सोपी पद्धत सांगा. आमच्या ग्राहकाचा तक्ता बावीस मुद्द्यांचा आहे.

उत्तर: तीन आकडे पुरतात: ठरल्या तारखेला पूर्ण संख्येने आलेल्या शेड्यूलच्या ओळी किती टक्के, नापास किती, आणि तक्रार कळवल्यापासून किती तासांत माणूस दारात आला. त्यांची सरासरी काढू नका. तारखेत शंभर आणि दर्जात चाळीस मिळवणारा सत्तर गुणांचा दिसतो आणि तुमची लाइन तोच थांबवतो. लहान लॉटला पीपीएम (दहा लाखांत किती नग नापास) वापरू नका. दोनशेत एक नग नापास झाला की ५,००० पीपीएम दिसतो, त्याला काही अर्थ नाही. तिथे किती लॉट आले आणि किती अडले एवढंच लिहा. तारीख मोजताना पुरवठादाराने कबूल केलेली तारीख धरा. तुम्ही सोमवारी ऑर्डर टाकून बुधवारी माल मागितला असेल तर तो उशीर त्याचा नव्हे.

प्रश्न (भोसरी): एम ८ चे बोल्ट प्लेटिंगला जाण्याआधी गो गेजमध्ये (चांगला नग ज्यात जायलाच हवा ते माप) सहज जातात. ८ ते १२ मायक्रॉन झिंक होऊन आले की गेज अर्ध्यात अडकतो. प्लेटिंगवाला म्हणतो जाडी बरोबर आहे. चूक कोणाची?

उत्तर: तुमच्या ड्रॉइंगची. साठ अंशाच्या आट्यांवर लेप दोन्ही उतारांवर बसतो, त्यामुळे पिच व्यास जाडीच्या चौपट वाढतो. १० मायक्रॉन झिंक म्हणजे ४० मायक्रॉन वाढ. एम ८, १.२५ पिच, ६जी टॉलरन्स (मापातली मान्य सूट) घेतला तर आट्यांना वरून मिळणारी जागा फक्त २८ मायक्रॉन आहे. म्हणजे ७ मायक्रॉनपर्यंतच लेप सामावतो. तुमचे आटे टॉलरन्सच्या वरच्या टोकाजवळ असतील तर प्लेटिंगवाल्याने ८ मायक्रॉन दिले तरी गेज अडकणार. उपाय म्हणजे प्लेटिंगआधीचे आटे ६ई मध्ये काढायचे. तिथे जागा ६३ मायक्रॉन मिळते, १५ मायक्रॉनपर्यंत लेप बसतो. रोलिंग डाय आणि तपासणीचा गेज दोन्ही त्यानुसार घ्या, आणि ड्रॉइंगवर ‘प्लेटिंगपूर्वी ६ई, प्लेटिंगनंतर ६एच चा गो गेज गेला पाहिजे’ असं स्पष्ट लिहा.

जाडी कुठे मोजायची हेही लिहा. प्रवाह टोकांवर जास्त धावतो, त्यामुळे बोल्टच्या टोकावर आणि डोक्याच्या कडांवर लेप जाड, मध्ये पातळ बसतो. डोक्याच्या मध्यावर ९ मायक्रॉन दाखवणाऱ्या बोल्टच्या पहिल्या दोन आट्यांवर १४ असू शकतात. तुमचा गेज तिथेच अडखळत असेल.

पत्रात ग्रेडचा उल्लेख नाही, म्हणून एक गोष्ट सांगतो. हे बोल्ट १२.९ या जास्त मजबूत ग्रेडचे असतील तर इलेक्ट्रोप्लेटिंग शक्यतो टाळा. आम्लात धुताना आणि प्लेटिंग होताना स्टीलमध्ये हायड्रोजन शिरतो, आणि घट्ट आवळलेला बोल्ट काही तासांनी किंवा दिवसांनी कसलीही सूचना न देता डोक्याखाली तुटतो. करायचंच असेल तर प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत, पॅसिव्हेशनआधी (झिंकवर संरक्षक रासायनिक थर देण्याआधी), १९० ते २२० अंशांवर बेकिंग झालं पाहिजे, आणि भट्टीचा आलेख प्रत्येक लॉटसोबत आला पाहिजे. झिंक फ्लेकचा लेप महाग पडतो, पण त्याच्या लेपनात हायड्रोजनचा हा धोका नाही. माणसाच्या जिवाशी संबंध असलेल्या जोडाला तोच घ्यावा असं आमचं ठाम मत आहे.

मोजणीचंही पाहा. वजनावर नग मोजत असाल तर प्लेटिंगनंतर शंभर नगांचं वजन नव्याने घ्या. एम ८ बाय ४० चा बोल्ट साधारण २० ग्रॅमचा, त्यावर झिंक चढतं साधारण ०.११ ग्रॅम. जुन्या वजनावर मोजलंत तर दहा हजारांत पन्नास-साठ नगांची तूट काट्यावर दिसतच नाही.

प्रश्न (अंबड, नाशिक): आमचं छोटं प्रेस शॉप आहे, लघुउद्योग म्हणून सरकारी उद्यम नोंदणी आहे. मोठा ग्राहक ९० दिवसांनीच पैसे देतो. कायदा ४५ दिवस म्हणतो असं ऐकलं. मागितलं तर काम जाईल अशी भीती वाटते.

उत्तर: भीती खरी आहे, म्हणून कायदा नीट समजून मग बोला. २००६ च्या सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योग कायद्यानुसार लेखी करार असेल तर माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवस, करार नसेल तर १५ दिवस. करारात ९० लिहिलं तरी ४५ च चालतात. उशिरावर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ व्याज लागतं, आणि ग्राहकाला ते आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. माल पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर माल स्वीकारला असं धरलं जातं. म्हणून चलनाच्या पोचवर तारखेसह शिक्का घेणं फार महत्त्वाचं. गेटवरची नुसती गिचमिड सही नंतर कामाला येत नाही.

बोलताना व्याजापेक्षा आयकराचा मुद्दा जास्त उपयोगी पडतो. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून सूक्ष्म आणि लघू उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर ग्राहकाला तो खर्च पैसे प्रत्यक्ष दिले त्याच वर्षी मिळतो. समजा ४५ दिवसांचा करार आहे आणि २५ जानेवारीला ८ लाखांचा माल स्वीकारला गेला. मुदत ११ मार्चला संपते. ३१ मार्चलाही पैसे थकलेले असतील तर त्या वर्षी त्यांच्या नफ्यात हे ८ लाख मिळवले जातात. १० मार्चला स्वीकारलेला माल मात्र २४ एप्रिलपर्यंत फेडला तर चालतो. ही तरतूद ग्राहकाच्या लेखा विभागाला तुमच्याहून चांगली ठाऊक असते. तेव्हा डिसेंबरमध्येच उद्यम प्रमाणपत्राची प्रत त्यांच्या खरेदी आणि लेखा या दोन्ही विभागांना ईमेलने पाठवा आणि प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक व वर्ग छापा. भांडण न करता मार्चमध्ये पैसे सुटायला एवढं बऱ्याचदा पुरतं. मध्यम उद्योगांना आणि नुसत्या व्यापाऱ्यांना आयकराच्या या तरतुदीचा लाभ नाही. तुमचं काम उत्पादनाचं आहे, ते नोंदणीतही तसंच दिसतं ना, पाहून घ्या.

ग्राहकाची उलाढाल २५० कोटींच्या वर असेल तर त्याला ट्रेड्स या बिल वटवण्याच्या व्यवस्थेत नोंदणी सक्तीची आहे. त्याने तिथे बिल मान्य केलं की बँक तुम्हाला थोडी कसर कापून लगेच पैसे देते, आणि ग्राहकाने नंतर बुडवलं तरी बँक तुमच्याकडे परत येत नाही. व्याजाच्या दाव्यासाठी सरकारचं ऑनलाइन पोर्टल आहे, तो रस्ता संबंध तुटायची तयारी असेल तेव्हाच धरा.

हे वाचणाऱ्या खरेदीदारांनाही सांगणं आहे. तुमचा प्लेटिंगवाला, तुमचा टूलरूमवाला हेही उद्यमवालेच असतात. मोठ्या कंपनीकडून ९० दिवसांनी पैसे मिळतात म्हणून त्यांना १२० वर ठेवणारे कारखाने आम्हाला पत्रांतून सारखे दिसतात.

प्रश्न (शेंद्रा): १६एमएनसीआर५ च्या पिनांचं केस हार्डनिंग (पृष्ठभागाचा थर कडक करणं) एकाच ठिकाणी होतं. गेल्या महिन्यात त्यांची भट्टी आठ दिवस बंद होती. दुसरा पुरवठादार कसा तयार करावा?

उत्तर: १ फेब्रुवारी १९९७ ला जपानमधल्या करियात आयसिन कंपनीच्या कारखान्याला आग लागली. टोयोटाच्या ब्रेकमधला एक छोटा व्हॉल्व्ह जवळपास सगळा तिथेच बनत होता आणि टोयोटाकडे साठा होता काही तासांचा. देशातल्या बहुतेक असेंब्ली लाइन थांबल्या. त्या आठवडाभरात पुन्हा फिरल्या, कारण दोनशेच्या आसपास कारखान्यांनी आपापल्या साध्या मशीनवर तो व्हॉल्व्ह बनवायला घेतला. ड्रॉइंग हातात होती आणि एकमेकांची ओळख होती. दुसरा पुरवठादार तयार करणं म्हणजे ही ओळख आधीच करून ठेवणं.

एकाच हीटच्या स्टीलच्या, एकाच दिवशी मशीन झालेल्या पिना दोन भाग करून दोघांकडे पाठवा. स्टील वेगळं असेल तर तुलनेला अर्थ उरत नाही. परत आल्यावर प्रत्येकाच्या लॉटमधून भट्टीच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या थरातली एकेक पिन कापून केसची खोली मोजा. ५५० व्हिकर्स कठीणतेपर्यंतची खोली धरायची हे दोघांना आधी सांगा, नाहीतर एक जण एकूण खोली मोजतो, दुसरा इफेक्टिव्ह खोली, आणि ०.८ ते १.२ मिलिमीटरच्या मर्यादेत दोघांचे अहवाल उगाच पास होतात. पृष्ठभाग ५८ ते ६२ एचआरसी, गाभ्याची कठीणता वेगळी मोजा. मग वाकडेपणा. लांब पिनांचा सगळा झगडा इथे असतो. दुसऱ्याकडे पिना आडव्या रचल्या जात असतील आणि पहिल्याकडे उभ्या टांगत असतील, तर व्यासावर ठेवलेला ०.३ चा ग्राइंडिंग अलाउन्स दुसऱ्याच्या मालाला पुरणार नाही. जास्त घासलं की केसच निघून जातं. त्यामुळे ड्रॉइंगमध्ये खोली ग्राइंडिंगनंतरची लिहा.

पास झाला की त्याला दर महिन्याला वीस-तीस टक्के काम द्या, भाव रुपया-दोन रुपये जास्त असला तरी. वर्षातून एकदा अडल्यावर ज्याला फोन जातो, तो त्याची भट्टी तुमच्यासाठी रिकामी करत नाही, आणि पहिला लॉट हमखास बिघडतो, कारण सेटिंगची वही हरवलेली असते. दोघेही एकाच वीज फीडरवर आहेत का, हे विचारायला विसरू नका. एप्रिल २०२५ मध्ये चीनने काही दुर्मीळ मृदा धातू आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली, तेव्हा दोन-दोन मोटर पुरवठादार असलेले कारखानेही अडले. दोघांचं चुंबक एकाच देशातून येत होतं.

प्रश्न (शिरोली): जॉबवर्कला दिलेला माल एका वर्षात परत आला नाही तर जीएसटी लागतो म्हणतात. आमचे पॅटर्न आणि डाय तर पाच-पाच वर्षं फाउंड्रीत आहेत.

उत्तर: कच्च्या मालाला एक वर्ष, यंत्रसामग्रीला तीन वर्षं ही मुदत आहे. ती उलटली तर माल पाठवला त्याच दिवशी विक्री झाली असं धरून कर आणि व्याज लागतं. मोल्ड, डाय, जिग, फिक्स्चर आणि टूल यांना मात्र ही मुदत नाही. पॅटर्न चलनावर नुसते ‘पॅटर्न’ म्हणून न लिहिता मोल्ड बनवण्याचं टूलिंग म्हणून क्रमांकासह लिहा आणि तुमच्या सीएकडून एकदा पाहून घ्या. चलन तीन प्रतींत. जॉबवर्कच्या मालाचं आयटीसी-०४ हे विवरण वार्षिक उलाढाल ५ कोटींच्या वर असेल तर सहामाही, नाहीतर वर्षातून एकदा, २५ एप्रिलपर्यंत.

पण करापेक्षा मोठी अडचण मालकीची आहे. प्रत्येक पॅटर्नवर तुमच्या कारखान्याचं नाव आणि क्रमांक पितळी पट्टीवर ठोकून घ्या, फोटो काढा, आणि दर वर्षी फाउंड्रीकडून ‘हे आमच्याकडे अमुक कारखान्याचे आहेत’ अशी सही-शिक्क्याची यादी घ्या. किती मोल्ड झाले तेही त्यात येऊ द्या. लाकडी पॅटर्न लवकर झिजायला लागतो, अॅल्युमिनियमचा त्याहून बराच जास्त टिकतो. मोल्ड सैल कुटला किंवा पॅटर्न काढताना जास्त ठोकला की कास्टिंगचं वजन वाढतं आणि तुम्ही किलोवर पैसे देत असता. ६ किलोचं हाउसिंग ६.३ वर गेलं का, हे दर महिन्याला दहा नग काट्यावर ठेवून पाहा.